वरचं तू, खालचं मी

रविवारी दुपारी मी घरात पंख्याखाली लोळत पडलो होतो आणि गल्लीतला भगवान दारात येऊन उभा राहिला. पायात चप्पल नाही. म्हणाला, "पक्या, सुकलालकाका... भेस्तानच्या अलीकडे, रुळावर..." मी फक्त विचारलं, "एकटेच होते?" आता वाटतं, काय विचारलं मी हे! मला माहीत होतं ना ते एकटे होते. सकाळी माझ्याच दारातून गेले होते.

काका माझे सख्खे कोणी नव्हते. सुरतेतलं आमचं नवागाम म्हणजे अर्धं खानदेशच, आणि काका आमच्या शेजारच्या गावचे, म्हणून काका. दिवसा लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या मागांच्या कारखान्यात, आणि सुट्टीला ऑर्केस्ट्रात बास गिटार. बास म्हणजे ती जाड चार तारांची गिटार, जिचा आवाज कानाला कमी आणि छातीला जास्त कळतो. आधी ते लीड गिटार, म्हणजे गाण्याची चाल वाजवणारी, वाजवायचे. पण वीस वर्षं त्या लूमच्या खटखटाटात काढली आणि कान गेले. सगळे नाही हं! आधी वरचे आवाज गेले. सायकलची घंटी गेली, काकूंच्या बांगड्या गेल्या, लहान पोरांचं बोलणं गेलं. खालचे राहिले. ट्रक, ढोल, माझ्यासारख्याचा जाडा आवाज. म्हणून काकांनी लीड विकली आणि बास घेतला. मला हे सांगताना हसत होते, "जे ऐकू येस ते वाजाडानं रे भो. रडीसन काय करू?"

पण मला लिहायचंय ते त्यांच्या वाजवण्याबद्दल नाही, भाव करण्याबद्दल. सुरतेत कुणाला जुना बास विकायचा असला, घ्यायचा असला, तर आमच्या लाइनीतली पोरं काकांकडे यायची. आणि आजकाल विकणारेच जास्त. कीबोर्डवाला डाव्या हातानेच बास वाजवून टाकतो, मग शेठ म्हणतो चौथ्या माणसाला पैसे कशाला? त्यामुळे किती बास पलंगाखाली गेले! नवरात्रीच्या आधी दलाल भाव चढवतात, नवरात्र संपली की पाडतात. काकांचा भाव बाराही महिने तोच. एक दलाल त्यांना तोंडावर म्हणायचा, "सुकलालभाई, तमे तो मंदिर खोलो!" काका म्हणायचे, "काय बोलना? माले ऐकू येत नही." हे मात्र त्यांना नीट ऐकू आलेलं असायचं!

बास बघायची त्यांची रीत बघून नवीन माणूस घाबरायचा. बास मांडीवर घ्यायचा, मान वाकवायची आणि हनुवटी थेट लाकडावर टेकवायची. डोळे मिटायचे. मग एकेक तार छेडायची. लाकडातून हाडात, हाडातून आत... तिथून त्यांना सगळं कळायचं. कुठे चीर आहे, कुठे डिंक भरलाय, बासची मान, म्हणजे तो लांब दांडा, किती वाकलीय. एकदा कामरेजला हळदीच्या प्रोग्रामला असं चाललं होतं, तर नवरदेवाची आत्या म्हणाली, "अगं बाई, हा माणूस गिटार खातोय का?"

पण वरचं त्यांना कळायचं नाही. बारीक तारेची खरखर, दांड्यावरच्या पट्टीला घासणारी तार, अ‍ॅम्पमधली सूं... ते माझं काम. गेली तीन वर्षं आम्ही असेच जोडीने जायचो. "वरलं तू ऐक, खाललं मी ऐकस." साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्याची चिठ्ठी करायचे, तिच्यावर तीन ओळी. वर, खाली, भाव. वरच्या ओळीत मी लिहायचं, खालच्या ओळीत ते लिहिणार, आणि दोन्ही ओळी भरल्याशिवाय भाव बोलायचा नाही. मग ती चिठ्ठी दोऱ्याने बासच्या खुंटीला बांधायची. सगळे दोष उघडे. घेणाऱ्याने वाचून घ्यावं. बास गेला की चिठ्ठीही त्याच्याबरोबर जायची.

आणि रूळ ओलांडताना ते माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. बोलणं काही नाही. मी थांबलो की थांबायचे, मी निघालो की निघायचे.

आता ते सांगतो, जे सांगायला हे लिहायला बसलोय. मीही बासच वाजवतो, आणि मला एका मोठ्या ऑर्केस्ट्रात जागा मिळत होती. नवरात्रीचे नऊ दिवस! फक्त बास चांगला आणा, म्हणाले. माझा बास पडला होता, मान जोडाजवळ चिरली होती, म्हणून तो विकून दुसरा घ्यायचा होता. मी काय केलं, लाकडाचा भुसा आणि डिंक भरला, घासला, पॉलिश मारलं. मलाच दिसत नव्हती चीर, इतकं झकास! कामरेजचा एक पोरगा घ्यायला आला. मी काकांना बोलावलं, कारण काकांची चिठ्ठी असली की कोणी घासाघीस करत नाही. मला वाटलं, माझ्यासाठी ते... काय वाटलं मला काय माहीत.

काकांनी हनुवटी टेकवली. एक तार वाजवली. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. पोराकडे नाही, माझ्याकडे. मग म्हणाले, "मानमा चीर शे. भरेल शे." आणि भाव सांगितला, मी धरला होता त्याच्या निम्मा. पोरगा त्या भावाला तयार होता! तरी मी बास ओढून घेतला आणि पोराला म्हणालो, "ज्याला ऐकूच येत नाही, तो भाव सांगतो! बहिऱ्याचं काय घेऊन बसलास रे?"

मी मोठ्याने नव्हतो बोललो. पण माझा आवाज जाडा आहे. तेवढा त्यांना ऐकू जायचा.

पोरगा गेला, बास राहिला, ऑर्केस्ट्राची जागाही गेली. आठ दिवस मी त्यांच्या गल्लीच्या तोंडाला गेलो नाही. मग त्या रविवारी सकाळी काकाच आले. धुतलेला शर्ट, हातात पुठ्ठ्याचा तुकडा. "भेस्तानले एक बास शे. चांगला शे म्हणतस. येस का?" जसं काही झालंच नव्हतं! मी उठलो पण नाही. म्हणालो, "डोकं दुखतंय." ते जरा उभे राहिले. म्हणाले, "बरं. झोप मग." आणि गेले...

ज्याने बघितलं त्याने सांगितलं ते असं. परत येताना काका रुळाशी थांबले होते. मालगाडी जात होती. तिचा शेवटचा डबा गेला आणि ते निघाले, आणि पलीकडच्या रुळावरून दुसरी गाडी आली. जमिनीची धडधड होतीच, पण ती त्यांना मालगाडीचीच वाटली असणार. दुसरी गाडी शिट्टी मारत होती. तो माणूस म्हणाला, "केवढी शिट्टी मारली हो! मेलेला उठला असता." शिट्टी म्हणजे वरचा आवाज.

तेराव्याला काकूंनी मला लाडू वाढला. म्हणाल्या, "तुनं डोकं आते बरं शे का?" काकांनी जाताना घरी सांगितलं होतं, पक्याचं डोकं दुखतंय म्हणून. काकू खरंच विचारत होत्या.

काका ज्यांचा बास बघायला गेले होते, त्या भेस्तानवाल्या भाईंचा मागच्या आठवड्यात निरोप आला, म्हणून गेलो. ते पण ऑर्केस्ट्रावालेच, कीबोर्डने घरी बसवलेले. म्हणाले, "तुम्हारे काका भाव बोले बिना चले गए. बोले, अगले रविवार पक्या को लेके आता हूं. उसके लिए ही तो देख रहे थे." मी म्हटलं, कोणासाठी? "पक्या के लिए. बोले, उसको नवरात्रि में बजाना है."

बास भिंतीला उभा होता. खुंटीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, काकांचं ते वाकडं अक्षर. खाली : चांगलं. मान सरळ. लाकूड कोरडं. भावाची ओळ कोरी. आणि वर, माझ्या ओळीत, फक्त : पक्या ऐकेल.

मी बसलो. अ‍ॅम्प लावला. एकेक पट्टी वाजवत गेलो, सगळ्या. वरच्या तारेला बाराव्या पट्टीवर खरखर होती, बारीक, कुणालाही चुकली असती. मी तसंच लिहिलं. मग भाव लिहिला, जो काकांनी लिहिला असता असं मला वाटलं तो. भाई वाचून म्हणाले, "खरखर ना लिखते तो दो सौ ज्यादा आते." मी म्हटलं, हो. तुम्ही घेताय का, त्यांनी विचारलं. मी घेतला नाही. कसा घेऊ? दोनच दिवसांत उधन्याच्या कोणीतरी नेला, चिठ्ठीसकट. काकांचं अक्षर होतं तिच्यावर, मला ती सोडून घ्यावीशी वाटत होती फार. नाही सोडली. चिठ्ठी बासबरोबरच जाते.

घरी माझा तो चिरलेला बास कोपऱ्यात आहे. परवा पुठ्ठा कापला, दोरा ओवला, बांधली त्यालाही चिठ्ठी. वर : मान जोडाजवळ चिरलेली, मी भरून लपवली होती. दोन जण येऊन बघून गेले. भाव विचारतात. मी म्हणतो, अजून सांगता येत नाही, खालची ओळ भरायचीय. काल मीच हनुवटी टेकवून बघितली. तार वाजवली... नुसती हनुवटी थरथरली, मला काही कळलं नाही.