मेकाँगच्या पश्चिम तीरावरचे माझे शेजारी

नाशिकात राहून मेकाँग नदीच्या काठी आयुष्य काढणारा इसम एकच झाला आणि तो माझा शेजारी होता, हे मी सत्यप्रतिज्ञेवर सांगू शकतो. संस्कृतचे हे निवृत्त मास्तर निफाडच्या पलीकडे कधी गेले नव्हते; परंतु हजार वर्षांपूर्वी आग्नेय आशियातल्या ख्मेर राजांनी त्या नदीकाठी बांधलेल्या देवळांच्या पायऱ्या त्यांना तोंडपाठ होत्या. आमच्या जिन्यावरून मात्र ते दोनदा पडले. शिलालेखांचा एक जाडजूड ग्रंथ त्यांनी इतक्या वेळा घरी नेला, की हे पुस्तक नक्की वाचनालयाच्या मालकीचे आहे काय, असे मी ग्रंथपालांना लेखी विचारले. उत्तर नाही. निफाडला एका पंगतीत त्यांनी भाताचे शिखर रचले आणि वरण येताच ओरडले, "पश्चिमेकडून नको, तिथे डोंगर आहे!" वाढपी म्हणाला, "आजोबा, जेवता का बांधकाम करता?"

त्यांचा जीव जडला होता तो पश्चिम तीरावरच्या एका पडक्या शिवालयावर. तिथे डोंगरातल्या झऱ्याचे पाणी दगडी पन्हाळीतून थेट पिंडीवर पडत असे. सत्तरच्या दशकात त्या मुलखात बाँब पडत असल्याचे वर्तमानपत्रांत आले आणि मास्तरांना एकच घोर लागला: पन्हाळ फुटली असेल, पिंड कोरडी असेल. दर सोमवारी ते गोदेच्या घाटावरील पिंडीवर कलश ओतू लागले, पण संकल्पात पूजेचे स्थळ सांगताना "गोदावर्याः" न म्हणता खणखणीत आवाजात म्हणत, "मेकाँगनद्याः पश्चिमे तीरे!"

घाटावरचे गुरुजी हवालदिल झाले. "अहो मास्तर, अशानं सगळं पुण्य तिकडं जाईल!"

"तिकडेच तर पाठवायचंय!"

आमच्या चाळीतले एक बौद्ध कारकून हसून म्हणाले, "मास्तर, तिथं आता बुद्धमूर्ती आहे म्हणतात."

"मग त्यांच्याही पायांवर पडेल थोडं."

हे क्षेत्राधिकाराचे उघड उल्लंघन होते. मी सात मुद्द्यांचे हरकतपत्र त्यांच्या हाती दिले. समासात पेन्सिलीने शेरा मारून ते परत आले: "सातही मुद्दे मान्य. पिंड कोरडी आहे, त्याबाबत आपले म्हणणे सादर करावे." संतापाने मला दोन दिवस अन्न गोड लागले नाही. तिसऱ्या दिवशी मी त्या देशाच्या आणि बाँब टाकणाऱ्यांच्या, अशा दोन वकिलातींना रजिस्टर पत्रे धाडून पन्हाळीची स्थिती विचारली. युद्ध संपले तरी पोचपावत्यांखेरीज काही आले नाही.

पुढे, १९८० नंतर, मास्तरांचा उजवा हात लुळा पडला. एका सोमवारी सकाळी त्यांनी मला बोलावून कलशाकडे बोट केले. "वकीलसाहेब, हरकत कायम ठेवूनच घाला."

घाटावर गुरुजींनी मिस्कीलपणे विचारले, "कुठलं तीर सांगू, साहेब?" मी त्यांना गप्प बसवून संकल्प स्वतःच उच्चारला, पश्चिम तीरासकट.

परतलो तेव्हा मास्तर दाराकडे डोळे लावून पडले होते. "भिजली पूर्ण?"

"भिजली," मी म्हणालो.

विनापुरावा केलेले माझे हे एकमेव विधान. मास्तर आता नाहीत. विधान मागे घेण्याचा माझा विचार नाही.