लाल औषध आणि पिवळे पाणी

ती घटना आठवली की आजही आधी माझी चूक आठवते.

नव्वदच्या दशकातला पावसाळा. मी वसईजवळच्या वालीवच्या पोलीस चौकीवर होतो. क्रोम प्लेटिंगच्या एका गाळ्याचा मालक फिर्याद घेऊन आला : दोन किलो क्रोमिक ॲसिड चोरीला गेले. ‘ॲसिड’ ऐकताच माझ्या डोळ्यांसमोर कुणा मुलीचा चेहरा आला. वरिष्ठांनी समाजकंटकांवर वीस मिनिटे भाषण दिले. आम्ही दोन दिवस रोडरोमिओ उचलले, त्यांच्या घरातल्या बाटल्या हुंगल्या. माल दिसतो कसा, हे मालकाला विचारायचे मला सुचले नाही.

तिसऱ्या दिवशी खबऱ्याने सांगितले, गाळ्यातला एक कामगार रजेवर आहे, बोटांना चिंध्या बांधून हिंडतो. त्याला आणला. पंचविशीचा, अर्नाळ्याकडचा कोळी. बोटे पिवळी पडलेली, नखांपाशी जखमा. बाटली कुठे ठेवलीस विचारले, तर गोंधळला.

“बाटली कसली साहेब? ॲसिडला हात नाय लावला. मी लाल औषध नेलं, विहिरीत टाकतात ते. गावात जुलाब चालू हाय, आरोग्यवाला येत नाय. मावशीला दिलं.”

मालकाला बोलावले. ऐकताच तो घाईघाईने सांगू लागला. क्रोमिक म्हणजे गडद लाल, कोरड्या पापड्या. पोटात गेले तर मूत्रपिंडे निकामी होतात. कापड, लाकूड, रॉकेल यांना लागले तर आग. स्वतः जळत नाही, दुसऱ्याला पेटवते. अशी माणसे खात्यात पाहिली होती, रसायन प्रथमच ऐकत होतो.

मावशीच्या वस्तीत फोन नव्हता. चाळीस घरे आणि विहीर एक. मालकाला आणि त्या कामगाराला जीपमध्ये घालून निघालो, तर रेल्वे फाटक बंद. कामगार हळूच म्हणाला, “साहेब, मावशीनं विहिरीत टाकलं असंल तर?”

मावशी विहिरीपाशीच भेटली. शेजारी झाकलेली बादली.

“औषध विहिरीत टाकलं?”

“चिमूटभर बादलीत टाकलं. लाल औषधानं पानी गुलाबी व्हतं. ह्ये पिवलं झालं. मंग विहिरीत नाय टाकलं.” भाच्याकडे वळून म्हणाली, “मेल्या, कारखान्यात डोले मिटून बसतोस का?”

“उरलेलं कुठे आहे?”

“चुलीमागं. दमट व्हऊ नये म्हनून.”

मालक हातमोजे चढवत आत धावला. बाहेर आणलेल्या कापडी पिशवीला तपकिरी भोके पडली होती. चूल तेवढ्यापुरती विझलेली होती.

गुन्हा पुढे न्यायालयात तडजोडीने मिटला. वर्तमानपत्रात ‘पोलिसांच्या सतर्कतेमुळे अनर्थ टळला’ असे छापून आले. मी ते कात्रण ठेवले नाही.

पंचनाम्यावर अंगठा घेताना मी मावशीला विचारले होते, सख्ख्या भाच्याने आणलेले औषध आधी बादलीत टाकून का पाहिलेत?

ती म्हणाली, “भाचे चार हायेत सायबा. विहीर येकच.”

पुढे कोणतीही फिर्याद लिहून घेताना मी तिच्यासारखा वागायचा प्रयत्न केला. दरवेळी जमले नाही.