मोहिबुलचे कागद

कोपरीला खाडीकाठी भागीरथी कोळणीच्या तीन खोल्या आहेत. उधाणाला पाणी उंबऱ्याच्या आत येतं. एकदा एका बिऱ्हाडाचं रेशनकार्ड भिजून लगदा झालं. तेव्हापासून सगळ्या भाडेकरूंचे मूळ कागद तिच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात राहू लागले. लोक विश्वासाने देत. मोहिबुलनेही दिले.

तो मुर्शिदाबादचा, लादी बसवणारा. सहा वर्षं तिच्याकडे होता. तिला मावशी म्हणायचा आणि खाडीच्या माशाला नावं ठेवायचा. नदीचा मासा तोच खरा, म्हणायचा. त्यावरून दोघांची रोज जुंपायची.

त्या मंगळवारी भागीरथी मासळी घेऊन वर्तकनगरला गेली होती. सकाळीच पोलीस आले. बंगाली बोलणाऱ्यांना शोधत होते. मोहिबुलने मोबाइलमधले फोटो दाखवले. त्यांना मूळ कागद हवे होते. मावशीकडे आहेत, तो म्हणाला. मावशीच्या दाराला कुलूप. तुझे कागद कोळणीकडे कशाला असतील, म्हणत त्याला गाडीत घातलं.

दुपारी ती परतली तेव्हा शेजारच्या निशाने हे सांगितलं. पाटी तिथेच टाकून, डबा काखेत मारून ती चौकीवर गेली. रात्रीपर्यंत बाकावर बसली. कागद कुणी हातातही घेतले नाहीत.

पकडलेल्यांना ठेवलं होतं तिथून सुटलेला एकजण चौथ्या दिवशी भेटला. एका हॉलमध्ये चाळीस माणसं, एक संडास, पाणी दिवसातून दोनदा. बांगलादेशी आहेस हे कबूल कर म्हणून मारतात. लवकरच सगळ्यांना सीमेपलीकडे सोडणार, असंही तो म्हणाला.

भागीरथी वकील शोधायला निघाली.

मृणाल नावाच्या तरुण वकिलीणबाईंनी मोहिबुलला सोडवण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज केला. पण मूळ कागद भागीरथीकडे का होते, खोली कधीपासून दिली, हे तिने शपथेवर लिहून द्यायला हवं होतं. आणि तिने भाडेकरूची पोलिसांत नोंद कधीच केली नव्हती. खोल्याही परवानगीशिवाय बांधलेल्या.

तिचा मुलगा मितेश भडकला. "आये, सही केलीस ना, तर पहिली केस तुझ्यावर. मग खोल्या तुटतील. तो आपला कोण लागतो?"

"कोनी नाय," ती म्हणाली. "पन कागद माज्याकडं व्हते."

तिने सही केली. दोन दिवसांत तिच्यावर गुन्हा नोंदला गेला. मितेशने बोलणं टाकलं.

अकराव्या दिवशी मोहिबुलला कोर्टात हजर केलं. दाढी वाढलेली, पायात चप्पल नाही, अंगात कुणाचा तरी ढगळ शर्ट. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. सरकारी वकिलांनी कागद मान्य केले. आता वाद उरला नाही, याला सोडतोय, अर्ज निकाली काढावा, म्हणाले. काही तक्रार आहे का, न्यायमूर्तींनी मोहिबुलला विचारलं. त्याला आणणारा हवालदार त्याच्या मागेच उभा होता. मोहिबुलने मान हलवली. नाही.

भागीरथी त्याचा उजवा हात शोधत होती. लादीवर हाताची बोटं वाजवून खालची पोकळी ओळखणारा माणूस. तो हात बाहीच्या आत ओढून घेतलेला.

ती उठली. मृणालने पदर ओढला, तरी ती बोललीच.

"साहेब, त्याचा हात बगा. बाही वर करून बगा."

शिपायाने बसायला सांगितलं. ती बसली नाही. न्यायमूर्तींनी बाही वर करायला लावली. दोन बोटं सुजून वाकडी झाली होती. मनगटावर काळेनिळे वळ.

अर्ज निकाली निघाला नाही. वैद्यकीय तपासणीचा आदेश झाला. मोहिबुलची सुटका झाली, आणि त्याच्या जबाबासाठी महिन्यानंतरची तारीख पडली.

बाहेर व्हरांड्यात तो पहिल्यांदा बोलला. "मावशी, कायको बोललीस? मी आज गावाला गेलो असतो. आता ते लोक मला सोडतील?"

 शपथेवर सही केली तेव्हाही तिने त्याला विचारलं नव्हतं, आणि आताही नाही.

"मी तारखेला येनार," एवढंच ती म्हणाली. "तुजं तू ठरव."

तो कठड्याला टेकून, दुखरा हात पोटाशी धरून, बराच वेळ खालच्या रस्त्याकडे बघत राहिला. गावाला जातो असं म्हणाला नाही. तारखेला येतो असंही म्हणाला नाही.