धान्य सरलं की निघतो

युसूफ गेल्याचं मला जळकोटच्या बसथांब्यावर कळलं. मुलीकडं राहून मी मुरुमला परत निघालो होतो. गावातला एक ओळखीचा माणूस बसमधून उतरला, मला बघून थबकला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमी हितं? सकाळीच झाली की युसूफभाईंची माती." पुढं काय बोलणं झालं ते आठवत नाही. बसमध्ये जागा होती, तरी मी मुरुमपर्यंत दांडीला धरून उभाच राहिलो. त्याला काही आठवडे झाले, पण अजून कुठं बूड टेकवत नाही. वर्तमानपत्र उघडतो, मिटतो, अंगणात जातो, परत येतो. बायको म्हणते, "त्यांचं वारं लागलं का काय तुमाला?" लागलंही असेल. युसूफ आयुष्यात आमच्या घरी कधी बसला नाही. चहा प्यायचा तोसुद्धा उंबऱ्याबाहेर उभ्यानं. बस म्हटलं की म्हणायचा, "न्हाय बाबा, बसलो तर ऱ्हाऊन जाईन."

आमच्या मुरुमची मूठ कमिटी निजामाच्या राज्यात एका हकीमसाहेबांनी सुरू केली. युसूफ आणि मी तेव्हा उर्दू शाळेत एका बाकावर होतो. लढाईचे दिवस होते, शेतातलं धान्य लेव्हीत, म्हणजे सरकारच्या सक्तीच्या वसुलीत जायचं आणि गावात ज्यांचं कुणी नाही त्यांच्या चुली थंड पडायच्या. हकीमसाहेबांनी घरोघरी एकच मागणी केली. पहाटे बाई जात्यावर दळायला बसली की पहिली मूठ ज्वारी जात्यात घालायची नाही, शेजारच्या गाडग्यात टाकायची. उरलंसुरलं नको, पहिली मूठ हवी. जुमेरातीला, म्हणजे आपल्या गुरुवारी, कमिटीचा माणूस पोतं घेऊन दारात येणार, आणि वेशीजवळच्या खोलीतल्या कणगीत सगळ्या घरांची ज्वारी एकत्र पडणार. शुक्रवारी तिथून विधवा, आजारी, वाटसरू ज्याला लागेल तो नेणार. मशिदीमागची घरं, लिंगायतांची आळी, धनगरांची वस्ती, सगळीकडं गाडगी बसली. हकीमसाहेबांची आणखी एक ताकीद होती. बाई पोत्यात गाडगं उपडं करत असताना न्यायला आलेल्यानं तोंड रस्त्याकडं फिरवायचं. कुणाच्या गाडग्यात किती निघालं, ते त्याला दिसता कामा नये.

मग ते वर्ष आलं. त्याविषयी लिहायला मला आवडत नाही आणि लिहिल्याशिवाय युसूफ कळतही नाही. आधी उन्हाळ्यात आमच्यासारखी कितीतरी हिंदू घरं कुलूप लावून सरहद्द ओलांडून सोलापूरकडं गेली. भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं, आम्ही परतलो, आणि आता मुसलमान घरं भीतीनं हैदराबादची वाट धरू लागली. गल्लीतली दारं एकामागून एक बंद होताना मी पाहिली. एका रात्रीचं जेवण ज्या घरात झालं, सकाळी तिथं नुसतं कुत्रं बसलेलं. हकीमसाहेबही गेले. जाताना त्यांनी खोलीची किल्ली युसूफच्या हातावर ठेवली आणि "चार दिवस सांभाळ" म्हणाले. ते काही परत आले नाहीत. बाप लहानपणीच गेलेला, घरात युसूफ आणि त्याची अम्मा. अम्मानं बोचकी बांधली, बैलगाडी दारात लावली. मी निरोप द्यायला गेलो होतो. युसूफ गाडीत चढेना.

"अम्मा, कणगीत अनाज है," तो म्हणाला. "लोगों का है. बाँट के आता मैं."

अम्मानं विचारलं, "कित्ता है?"

"थोडाच है. खतम हुआ के निकलता."

अम्माची गाडी त्याच्याविना हैदराबादच्या वाटेला लागली. युसूफनं खरोखर तेच ठरवलं होतं, याला मी साक्षी आहे. त्या आठवड्यात त्यानं कणगी तळापर्यंत खरवडून वाटली, खोली झाडून काढली आणि माझ्याकडं येऊन म्हणाला, "उद्या निगतो." तो उद्या गुरुवार होता. निघण्याआधी एकदा गल्लीतून फिरून यावं, सगळ्यांना खुदा हाफिज म्हणावं, म्हणून तो गेला. तर दारादारांत बाया गाडगी घेऊन उभ्या. आदल्या महिन्यात ज्यांच्या घरी रडारड झाली होती त्या हिंदू बाया, ज्यांची माणसं परागंदा झाली होती त्या मुसलमान बाया. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. पहाटे दळायला बसलं की हात आपसूक गाडग्याकडं जायचा. पुढ्यात आलेल्याला नको कसं म्हणणार? तो धावत पोतं घेऊन आला. कणगी पुन्हा भरली, आणि निघणं पुढच्या आठवड्यावर गेलं.

ते कायमचंच गेलं. गावात त्याची थट्टा सुरू झाली. "काय युसूफभाई, निघाले का?" असं विचारायचे, आणि तो गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "धान्य सरलं की निगतो." लग्नाचं काढलं की म्हणायचा, हैदराबादला गेल्यावर बघू. घराला त्यानं चुना लावला नाही, मोडका दरवाजा दुरुस्त केला नाही. जायचंच आहे तर कशाला? आम्ही हसायचो. आता वाटतं, आमच्या हसण्याला काही अर्थ नव्हता. तो एकटा माणूस रोज सकाळी निघायच्या तयारीनं उठत होता. ईदेला तो अम्माकडं जायचा आणि जुमेरात चुकू नये म्हणून बुधवारपर्यंत परत यायचा. एकदा मी बरोबर गेलो होतो. अम्मा दारातच होती. जवळ घ्यायच्या आधी तिनं विचारलं, "खतम हुआ क्या रे अनाज?" आणि हा मान खाली घालून म्हणाला, "अब्बी है अम्मा... थोडाच है."

अम्मा गेली तेव्हा तो इथं पोतं घेऊन फिरत होता. तार उशिरा पोचली. माती द्यायलाही त्याला मिळालं नाही. परतल्यावर पहिल्याच गुरुवारी तो आमच्या दारात आला तो पोतं खांद्यावरून न उतरवता. माझी बायको गाडगं घेऊन बाहेर आली, तशी तो तिच्यावर ओरडला. त्याला ओरडताना मी तेवढंच एकदा ऐकलं.

"वैनी, बंद करा ही मूठ. तुमी टाकता म्हणून मी अडकलो हितं. तुमी समद्यांनी टाकायचं बंद केलं की मी सुटीन."

बायको घाबरली. गाडगं तिनं पोटाशी धरलं. मग हळूच म्हणाली, "भावजी, मूठ काढल्याबिगर मी दळायला बसू कशी?"

युसूफनं खांद्यावरचं पोतं उतरवलं, पोत्याचं तोंड उघडून धरलं आणि नेहमीसारखी मान रस्त्याकडं फिरवली. त्याचे खांदे हलत होते. तिनं ज्वारी ओतली. त्यानंतर तो निघण्याचं कधी बोलला नाही. बसला मात्र तरीही नाही.

परवा त्याच्यासाठी शोकसभा झाली. भाषणं झाली, हार झाले, शेवटी एकजण म्हणाला की आता घरोघर कोण फिरणार, मूठ बंद करावी आणि वर्षातून एकदा युसूफभाईंच्या नावानं कार्यक्रम घ्यावा. बऱ्याच माना हलल्या. मी रागानं उठून घरी आलो. रात्रभर तळमळत होतो.

जातं जाऊन आमच्याकडं गिरणी आली त्याला जमाना झाला. तरी बायको दळणाचा डबा भरायच्या आधी मूठ काढते. युसूफ गेल्यापासून कुणी आलेलं नव्हतं, गाडगं वर आलं होतं. या गुरुवारी ती ते घेऊन उंबऱ्यात आली, आणि नुसतीच रस्त्याकडं बघत उभी राहिली. "आज जुमेरात हाय," एवढंच म्हणाली. मी हातातलं वर्तमानपत्र ठेवलं. कोपऱ्यातलं रिकामं पोतं झटकलं, बाहेर जाऊन तिच्यासमोर त्याचं तोंड उघडून धरलं. ज्वारी पडल्याचा आवाज आला तेव्हा माझी मान रस्त्याकडं फिरलेली होती.