थोरली सासू, धाकटी सासू

माझं दुसरं लग्न माझ्या मुलीने लावून दिलं असं मी सांगते तेव्हा लोक हसतात, पण ते खरंच आहे. ती लहान असताना तिचे बाबा गेले. त्यानंतर लालबागच्या घरात आम्ही तिघीच उरलो. मी, मुलगी आणि माझ्या सासूबाई. आधी चाळीत, मग चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये. मी परळच्या एका हॉस्पिटलात रेकॉर्ड विभागात नोकरी करायची आणि सासूबाई घर आणि नात सांभाळायच्या.

ज्यांच्याशी हे लग्न झालं ते त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. लग्न केलेलं नव्हतं, प्रभादेवीला आईबरोबर राहायचे. कॅन्टीनमध्ये कित्येक वर्षं आम्ही एकाच टेबलावर डबा खाल्ला. त्यांच्या आईला वयामुळे सकाळचं ओट्यापाशी उभं राहणं होईना, तेव्हा मी माझ्याबरोबर त्यांचाही डबा न्यायला लागले. एक दिवस मुलीने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं, "आई, तू रोज दोन डबे का भरतेस?"

मी काहीतरी उत्तर दिलं. तिचा विश्वास बसला नाही. पुढे तिनेच त्यांना घरी जेवायला बोलावलं, तिनेच मला समोर बसवून विचारलं आणि शेवटी आजीला सांगायचं धाडसही तिनेच केलं. मी बेडरूममध्ये उगाच कपड्यांच्या घड्या घालत होते. सासूबाई कोलंबी सोलत होत्या. मुलीचं सगळं ऐकून घेतल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "लॅबवालो? बरो आसा. करूंदे." आणि कोलंबीचं भांडं घेऊन उठल्या.

त्यानंतर त्या विषयावर अवाक्षर नाही. त्या चिडल्या होत्या असं नाही. चहा वेळेवर मिळत होता, मी उशिरा आले तर खिडकीत उभ्या राहत होत्या. पण सुनेच्या लग्नाला सासूने जायचं असतं की नाही, हे आमच्यात कुणाला ठाऊक असणार? कुणी पाहिलेलंच नव्हतं. "तुम्ही येणार ना?" एवढं विचारायला माझी जीभ रेटेना.

लग्न रजिस्टर करायचं आणि मग दादरच्या एका छोट्या हॉलमध्ये दोन्ही घरच्या माणसांनी जेवायचं, असं ठरलं होतं. मुलगी म्हणाली, "बुफे नको. बुफे ठेवला की लालबागवाले एका कोपऱ्यात आणि प्रभादेवीवाले दुसऱ्या कोपऱ्यात. निघताना एकमेकांना नमस्कार, संपलं. आपण टेबलं मांडू आणि प्रत्येकाची जागा आपणच ठरवू. जागेवर नावाचं कार्ड. वर नाव, खाली नातं. म्हणजे शेजारचा कोण ते विचारावं लागणार नाही."

ती पॅकेजिंग डिझाइनचं काम करते. खोकी, पिशव्या, लेबलं यांतच तिचा दिवस जातो. तिची एक मैत्रीण गिरगावात घरबसल्या केकवर खोचायची नावं कापून विकते. तिच्याकडचं कागद कापायचं मशीन मुलगी रविवारी सकाळी टॅक्सीत घालून घेऊन आली. पावाच्या मोठ्या डब्याएवढं मशीन. लॅपटॉपवर अक्षरं टाकायची, चिकट मॅटवर कागद लावून आत सरकवायचा, की आतलं बारीक पातं सरसर फिरतं आणि अक्षरं कापली जातात. सोनेरी कागदातून नाव कापायचं आणि पांढऱ्या जाड कार्डावर चिकटवायचं, असा तिचा बेत होता.

पहिलं नाव माझंच टाकलं. मशीन थांबलं, तिने मॅट बाहेर काढली, कागद सोडवला आणि तिच्या हातात माझ्या नावाचे तुकडे आले. वेलांटी एकीकडे, काना दुसरीकडे, जोडाक्षर मधोमध तुटलेलं.

"आई, याला मराठी येत नाही," ती वैतागून म्हणाली.

दुपारपर्यंत ती त्याच्याशी झगडत होती. अखेर अक्षरं नुसती टाइप न करता आधी त्यांचं एक सलग चित्र बनवायचं आणि मग ते कापायला द्यायचं, ही युक्ती चालली. मग मात्र शिरोरेषेला धरून अख्खं नाव एकसंध हातात यायला लागलं. राहिले फक्त अनुस्वार. ते शिरोरेषेपासून सुटे, त्यामुळे सोनेरी ठिपके मॅटवरच चिकटून राहायचे. ते उचलून एकेका नावावर हाताने लावण्यावाचून इलाज नव्हता.

सासूबाई इतका वेळ खुर्चीवर बसून नुसत्या बघत होत्या. आता खुर्ची ओढून टेबलापाशी आल्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना माझ्यापेक्षा बरं दिसतं.

"ते ठिपके माका दी," त्या म्हणाल्या. सुईच्या टोकाने एकेक ठिपका उचलायचा, मागे गोंद लावायचा, अक्षरावर अलगद टेकवायचा. थोड्या वेळाने स्वतःशीच हसून म्हणाल्या, "सगळ्यांका टिकली लावतंय मी."

त्यांनी स्वतः टिकली लावणं कधीच सोडलं होतं. मी लावावी म्हणून मात्र, त्यांचा मुलगा गेल्यावर वर्षभराने, त्यांनीच बाजारातून पाकीट आणलं होतं. मी कापलेल्या कागदाचा कचरा गोळा करायच्या निमित्ताने खाली वाकले.

टेबलावर कार्डांची रांग वाढत गेली. सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. त्या एकेक अक्षर लावत सगळी कार्डं वाचू लागल्या. नवरीची आई, नवरीचा भाऊ, नवरदेवाचे मामा. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा वर केला.

"माझा नाव खंय आसा?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तीच म्हणाली, "आजी, तुझं कार्ड करायचंच आहे गं. खाली काय लिहायचं तेवढं कळेना. आई लिहू का? तू तिला आईसारखीच ना."

"आई कित्याक?" सासूबाई म्हणाल्या. "हिची आई जिती आसा. थंयच माझ्या बाजूक बसतली. ती काय म्हणात? मी हिची सासू आसंय. सासूच लिव."

"अगं पण आजी, लोक..."

"लोकांका वाचूक येता मां? मगे वाचतीत."

म्हणजे त्या येणार होत्या. सहज, जणू आधीपासून ठरलेलंच होतं, अशा थाटात. मी "चहा टाकते" म्हणून आत गेले आणि ओट्यापाशी बराच वेळ उभी राहिले. चहा उतू गेला तेव्हा भानावर आले.

संध्याकाळी मुलीने सगळ्या मजकुराचा फोटो प्रभादेवीला पाठवला. माझ्या होणाऱ्या दुसऱ्या सासूबाई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. शुद्धलेखन त्यांच्या नजरेखालून गेलेलं बरं, असा मुलीचा विचार होता. थोड्याच वेळात त्यांचा फोन आला. मुलीने स्पीकर चालू केला.

"बाळ, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय, ते मी खूण करून पाठवते. पण माझ्या नावाखाली तू ‘नवरदेवाची आई’ लिहिलं आहेस."

"हो आजी. चुकलं का?"

"चुकलं नाही. पण आई मी जन्मभर आहेच गं. सासू व्हायची किती वर्षं वाट पाहिली मी! आशा सोडली होती. आता होतेय, तर ‘सासू’ लिही की."

मुलगी हसू दाबत म्हणाली, "आजी, सासूची जागा भरली. इथल्या आजीचं कार्ड कापून झालंसुद्धा."

मी घाबरले. त्यांना हे कसं वाटेल, याचा आम्ही विचारच केला नव्हता. तेवढ्यात आमच्या सासूबाईंनी हात पुढे करून फोन जवळ ओढला.

"नमस्कार. मी लालबागची सासू."

"नमस्कार, नमस्कार! बोला ना."

"तुमी पण सासू लिवा. माका काय नाय. सून एक, सासवो दोन. तुमी वयान मोठ्या मां? मगे तुमी थोरली, मी धाकटी."

"छे छे," पलीकडून आवाज आला. "थोरलेपण वयावर नसतं हो. तुम्ही आधीच्या. इतकी वर्षं तिला सांभाळलंत. मी आत्ता येतेय. थोरल्या तुम्ही. मी धाकटी."

सासूबाईंनी यावर विचार केला. मग म्हणाल्या, "बरा. तुमी शिकलेल्या. तुमी म्हणतात तर तसा."

त्यानंतर दोघी पुष्कळ वेळ बोलत होत्या. गुडघ्यांवरून सुरुवात झाली आणि बांगड्याच्या भावावर गाडी गेली. मुलीने दोन्ही कार्डं नव्याने कापली. ‘थोरली सासू’ आणि ‘धाकटी सासू’.

अडचण आली ती माझ्या धाकट्या दिराची. ते कांदिवलीला असतात. माणूस मनाचा वाईट नाही. माझ्या मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी तेच रांगांमध्ये उभे राहिले होते. त्यांनी फोन केला. "वहिनी, तुम्ही लग्न करताय, आमचं काही म्हणणं नाही. पण आईला हॉलवर नेऊ नका. लोक तिच्याकडे कसे बघतील? या वयात तिची शोभा नको."

त्यांचं अगदीच खोटंही नव्हतं. मी "हं, हं" करत असताना सासूबाईंनी फोन मागून घेतला.

"तू माका सांगा नको," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुझो भाऊ गेलो तेवां हिका म्हायेरची माणसा न्हेवक इलेली. ही गेली नाय. माझ्याकडे रवली. आता हिचा बरा होता, तर मी घरात बसू काय? मी जातलंय. तुका येवचा तर ये."

फोन ठेवून त्यांनी नातीला हाक मारली. "काकाचा पण कार्ड कर गो. येतलो तो. जेवणाक तर येतलोच."

लग्नाच्या दिवशी सासूबाई हिरवी नऊवारी नेसल्या. रजिस्टर ऑफिसात पायऱ्या होत्या, म्हणून त्या थेट हॉलवरच आल्या आणि आल्या आल्या काठी टेकत स्वतःचं कार्ड शोधत फिरल्या. त्यांची खुर्ची माझी आई आणि धाकट्या सासूबाई यांच्या मधोमध होती. धाकट्या सासूबाई आधीच येऊन बसल्या होत्या. सुरकुतलेले दोन हात एकमेकींच्या हातात गेले, ते पानं वाढेपर्यंत सुटले नाहीत.

आपलं नातं दुसऱ्याला दाखवत, दुसऱ्याचं वाचत माणसं बसली आणि मुलीने म्हटलं होतं तसंच झालं. लालबाग आणि प्रभादेवी एकमेकांत मिसळून गेले. यांचे एक मामा मात्र समोरचं कार्ड उचलून मोठ्याने वाचायला लागले. "थोरली सासू? हे काय हो, कळलं नाही."

माझ्या हातातला ग्लास हातातच राहिला.

"पयल्या लग्नाची," सासूबाई म्हणाल्या. आवाज बारीक केला नाही, चढवलाही नाही.

"आणि मी दुसऱ्याची," धाकट्या सासूबाई म्हणाल्या. "तुला आता कळलं ना? मग ते कार्ड खाली ठेव आणि मीठ इकडे दे."

सगळे हसले. मामाही हसले. मी यांच्याकडे पाहिलं. हे रुमालाने चष्मा पुसत होते.

वरण-भात झाल्यावर दीर आले. दारात थोडे घुटमळले. मुलगी धावत गेली आणि हाताला धरून त्यांना त्यांच्या खुर्चीपाशी घेऊन आली. ‘नवरीचे दीर’ हे त्यांनी दोनदा वाचलं असावं. मग बसले. शेजारी यांचा चुलतभाऊ होता. त्याने क्रिकेटचा विषय काढला आणि जिलेबीचा दुसरा फेरा झाला तोवर दीर हातवारे करून कुणाला तरी टीममधून बाहेर काढत होते. निघताना ते यांच्यापाशी आले आणि यांचा हात हातात घेतला. मग मला म्हणाले, "वहिनी, आईला मी सोडतो घरी. तुम्ही निवांत जा."

आता मी प्रभादेवीला राहते. मुलगी आजीपाशी लालबागलाच आहे. एक दिवसाआड मी जाते, सुट्टी असली की हेही येतात. या वर्षी मसाल्याच्या दिवसांत सासूबाईंनी फर्मान काढलं, "लॅबवाल्याक डंकावर धाड. तो वजन बरोबर बघता." भाजलेल्या मिरच्या आणि गरम मसाल्याच्या पिशव्या घेऊन हे मसाल्याच्या गल्लीत बायकांच्या रांगेत उभे राहिले. मसाला कुटून होईपर्यंत तिथून हलायचं नाही, अशी ताकीद होती. हलले नाहीत. परत आले ते डोळे लाल, शर्टाच्या बाह्या लाल, आणि दोन भरलेले डबे. एक लालबागचा, एक प्रभादेवीचा.

डबे ओट्यावर ठेवले आणि त्यांना लागोपाठ शिंका सुरू झाल्या. थांबेचनात. मी पाणी आणायला धावले.

"काय होवचा नाय," सासूबाई डब्याचं झाकण उघडून वास घेत म्हणाल्या. "पयल्या वर्साक सगळेच शिंकतत."