पाड्यावरचा जिना

गवतातून चालून घरी आलं की धोतराला कुसळं लागलेली असतात. मुद्दाम कोणी आणत नाही, पण मग बसून एकेक काढावी लागतात. आमच्या मंडळाचे किस्से तसेच चिकटलेत. आज बसलोच आहोत, तर चारदोन काढतो.

मंडळ म्हणजे तीन माणसं आणि एक भोंगा. दवाखान्यातल्या नर्स शांताताई, शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी आणि डोंगरातल्या भिलाला आदिवासींच्या पाड्यावरची झमकूबाई. भोंगा माझा. खामगावहून जुना आणलेला. सायकलला पुढे भोंगा, मागे बॅटरी. लग्नं, तंबूतला सिनेमा आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या मंगळवारच्या बाजारात हरवलेल्या शेळ्या, एवढाच धंदा.

मी बोलायला हळू. बाजारात म्हणायचे, "याचं सांगून होईपर्यंत शेळी घरी जाऊन दोन पिल्लं देते!"

*

एके दिवशी शांताताई घरी आल्या. "भाऊ, मंगळवारी भोंगा पाहिजे."

"लगन कोणाचं हाय?"

"लग्न नाही हो. पाड्यांवरच्या बायांना लोक मारतात, अंगावर हात टाकतात. कामावरचे मुकादम, आणि घरचेसुद्धा. दवाखान्यात मी रोज पाहते. ते बाजारात उघड सांगायचं आहे."

मी बराच वेळ विचार केला. मग म्हणालो, "ताई, हे त लगनाच्या आधी सांगाले पाहिजे होतं."

ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणून तर लग्नाचाच भोंगा मागते!"

*

पहिल्या मंगळवारी गुरुजी बोलले. एकदम शुद्ध मराठी. "भगिनींनो, अत्याचार! घरात अत्याचार, रानात अत्याचार, कामावर अत्याचार!" असं तासभर. पाड्यावरच्या बाया जागच्या हलल्या नाहीत. गुरुजी खूश!

भाषण संपलं तरी बाया बसूनच. शेवटी एका म्हातारीनं पळसाच्या पानाचा द्रोण पुढे केला.

"वाढा ना गुरुजी."

"काय वाढू, आजी?"

"तुमीच त घडीघडी म्हणून राह्यले ना, अचार, अचार!"

त्या दिवसापासून बाजार त्यांना 'अचारगुरुजी' म्हणू लागला. पण माणूस मोठा. रुसला नाही. पुढच्या मंगळवारी घरून कैरीच्या लोणच्याची बरणी घेऊन आले. आधी सगळ्यांना वाढलं, मग भोंग्यावर म्हणाले, "आजपासून मी फक्त 'मारणं' म्हणणार."

*

दवाखान्यात पाड्यावरची कोणतीही बाई येवो, डोळा सुजलेला असो की डोकं फुटलेलं, काय झालं विचारलं की एकच उत्तर, "पडली." ताई लिहून लिहून कंटाळल्या. एकदा चिडून म्हणाल्या, "झमकूबाई, तुमच्या पाड्यावरची जमीन एवढी निसरडी आहे का हो?"

झमकूबाई शांतपणे म्हणाली, "जमीन चांगली हाय, बाई. माणसं निसरडी हायेत."

*

या झमकूबाईला अक्षरं शिकायची फार हौस. वय चाळिशीच्या पुढचं. बाजार उठला की माझ्याच ओट्यावर गुरुजी तिला शिकवायचे. एकदा काना आला.

"काना म्हणजे अक्षराशेजारी उभी केलेली काठी," गुरुजी म्हणाले. "एक काठी आली की शब्दच बदलतो. हा बघ, मर. आता 'म'जवळ काठी दिली. काय झालं?"

"मार."

"शाब्बास! कसं ओळखलं?"

"काठी आली की मारच होते, गुरुजी. एवढं त मले आधीपासून येते!"

गुरुजींनी पाटी खाली ठेवली.

*

आता नानकीचं सांगतो.

नानकी झमकूबाईची धाकटी बहीण. सडकेच्या कामावर जायची. मुकादमानं तिचा हात धरला. ती नाही म्हणाली. त्यानं काठीनं तोच हात मोडला.

शांताताईंनी पट्ट्या बांधल्या, विचारलं. आणि या वेळी नानकी 'पडली' म्हणाली नाही. तिनं मुकादमाचं नाव सांगितलं. पाड्यावरच्या बाईनं मारणाऱ्याचं नाव घ्यायची ही पहिलीच वेळ! दोघी बहिणी ठाण्यातही गेल्या. पण जमादार मुकादमाच्या बसण्याउठण्यातला. त्यानं कागदावर लिहिलं, 'नानकी जिन्यावरून पडली.'

झमकूबाई बाहेर येऊन मला विचारते, "भाऊ, जिना म्हणजे काय असते?"

पाड्यावर सगळी कुडाची घरं. उंबऱ्याला पायरीसुद्धा नाही!

तो कागद तसाच राहिला असता तर दुसऱ्या कोणी बाईनं पुन्हा तोंड उघडलं नसतं. नानकीच म्हणू लागली होती, "जाऊ द्या. पडलीच म्हना."

मंगळवारी आम्ही भोंग्याजवळ उभे. गुरुजींनी माइक ताईंकडे दिला, ताईंनी तो परत गुरुजींकडे. मग मीच माइक धरला. मला बोलायचं एकच येतं, तेच बोललो.

"हॅलो. हरवला हाय हो, हरवला हाय. भिलाल्यांच्या पाड्यावरचा जिना हरवला हाय. रंग माहीत नाही. पायऱ्या किती, माहीत नाही. जमादारसायबांनी पाह्यला हाय. त्याच्यावरून नानकी पडली आन् तिचा हात मोडला. कोणाले सापडला त ठाण्यात आणून द्यावा."

हळूहळू, तीनदा सांगितलं. पहिल्यांदा बाजार हसला. दुसऱ्यांदा लोक एकमेकांना विचारू लागले. तिसऱ्यांदा कोणी हसलं नाही.

मग लोक ठाण्याकडे निघाले. एकानं छपरावर चढायची शिडी आणली. "सायेब, हा त नसन?" भाजीवाल्या म्हातारीनं बसायचा पाट पुढे केला. "एकच पायरी हाय, सायेब. चालते का?"

जमादार बाहेर येऊन ओरडला, "काऊन आले बे सगळे?"

"जिना जमा कराले, सायेब!"

शांताताईंनी नानकीला पुढे केलं. हात गळ्यात बांधलेला, मान खाली. मागे झमकूबाई, आणि तिच्यामागे अख्खा बाजार.

जमादारानं घाम पुसला. कागद काढला, टेबलावर ठेवला आणि 'जिन्यावरून' या शब्दावर आडवी रेघ ओढली.

"घ्या! काढला तुमचा जिना. आता त झालं ना बरोबर?"

कागदावर राहिलं, 'नानकी पडली.'

झमकूबाईनं कागद आपल्याकडे फिरवला. एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचू लागली. तिचं बोट 'प'जवळ येऊन थांबलं.

"नाही, सायेब," ती म्हणाली. "इथं एक काठी राह्यली."