कोठ्यातलं जेवणाचं टेबल

बाळांनो, दिवाळीला तुम्ही येणार आणि आपण गुरांच्या कोठ्यात का जेवतो, असं पहिल्याच दिवशी विचारणार. तुमचे आजोबा ती हकिकत मीठमसाला लावून सांगतील, म्हणून मी आधीच लिहून पाठवते आहे.

बैल विकल्यावर कोठा रिकामा पडला. सागाचे जुने खांब, सागाच्याच तुळया. सांध्यांत एक खिळा नाही, नुसत्या लाकडी खुंट्या. मी तिथे माझ्या सुतारकामाची जागा केली. भिंतीवर प्रत्येक हत्याराला जागा आणि जागेखाली त्याचं नाव. तुमचे आजोबा करवत मुद्दाम पटाशीच्या जागी टांगत.

तिथेच मी टेबल केलं, तुम्ही सगळे एका वेळी बसाल एवढं. सांधे कोठ्यासारखेच, खुंट्यांचे. ते इतके घट्ट बसले की काही दिवस मी गावात मान जरा जास्तच वर करून फिरत होते.

जेवणघर मी मोजलं होतं. खुर्च्याही मोजल्या होत्या. कोठ्याचं दार तेवढं राहिलं. ते एका बैलापुरतं आहे.

शेजारचे चौघे आले. टेबल आडवं केलं, उभं केलं, तिरपं केलं. मी मागून "डावीकडे, डावीकडे" ओरडत होते. शेवटी सांधे सोडवायला घेतले, तर एकही हलेना. माझंच काम!

"बाई, हा दाराचा खांब कापून टाका न जी," एक जण घाम पुसत म्हणाला. "मी लोखंडाचा लावून देतो."

मी आजोबांकडे पाहिलं. त्या खांबाला त्यांचे बैल मान घासत. लाकडाला तिथे गुळगुळीत खळगा पडला आहे. आजोबांचा हात त्या खळग्यावर होता. माझी चेष्टा करायची एवढी नामी संधी आणि हे गप्प! मी घाबरलेच.

"खांब राहू द्या," मी म्हणाले. "टेबलही राहू द्या इथेच."

तेव्हा कुठे त्यांना कंठ फुटला. "बैल विकले, तं हिनं टेबल बांधून ठेवलं. आता चारा कोण टाकन वो याले?"

तर आम्ही खुर्च्या कोठ्यात नेल्या. वरणात भुसा पडू नये म्हणून जेवणाआधी रंधा बंद, असा मी नियम केला आहे. तो मीच मोडते.

खांब जागेवर आहे, खळगाही आहे. टेबल आत आहे.